पाण्याच्या बाटलीवर बाळ

"आत व्हेंटिलेटर रिकामा आहे आणि आमचं बाळ पाण्याच्या बाटलीवर का?" नाशिकला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर होऊन मला चौदा वर्षं झाली, हा प्रश्न ऐकला नाही असा आठवडा गेलेला नाही. परवा नणंदेनंही विचारला.

खर्च वाचवायला बाटली लावतो असं म्हणू नका, मनाला लागतं. बाळाच्या नाकाला जोडलेल्या हवेच्या नळीचं टोक बाटलीतल्या ५ सेंटीमीटर पाण्यात बुडवलं की तेवढा दाब फुप्फुसांत राहतो, ती मिटत नाहीत. यालाच सीपॅप म्हणतात. श्वास बाळाचा स्वतःचा. व्हेंटिलेटर श्वासनळीत घातलेल्या ट्यूबमधून श्वास आत ढकलतो आणि कोवळी फुप्फुसं त्यानंच दुखावतात.

पण नणंदेला मी अर्धंच सांगितलं.

पावसाळ्यातली रात्र होती. सुरगाण्याकडचं बाळ, २८ आठवड्यांतच जन्मलेलं, १०४० ग्रॅम. बाटलीत बुडबुडे छान येत होते. ऑक्सिजन मात्र ३० टक्क्यांवरून ४०, मग ५० करावा लागला. मी प्रॉंग्ज, म्हणजे नाकातल्या छोट्या नळ्या, बदलल्या, टोपी घट्ट केली, नाक साफ केलं, हनुवटीखाली पट्टी बांधली. दर वेळी सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९० टक्क्यांवर यायचं आणि मला वाटायचं, निभावेल. बाळ कण्हत होतं, बरगड्या आत ओढल्या जात होत्या. डॉक्टरांना उठवलं ते पावणेचारला. ट्यूब टाकली, सर्फॅक्टंट, म्हणजे फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध, दिलं, तोवर फुप्फुसातून निसटून छातीत हवा साठली होती. तिसऱ्या दिवशी बाळ गेलं. बाकावर बसलेल्या आजी एवढंच म्हणाल्या, "बाई, मशीन होतं ना आत?"

पुढची दोन वर्षं मी प्रत्येक बाळाला ट्यूब टाका म्हणून डॉक्टरांशी वाद घातला. मग ट्यूबवर आठवडे काढलेली बाळं घरी ऑक्सिजन घेऊन जाताना पाहिली आणि गप्प झाले. आता ऑक्सिजन ३० च्या वर गेला की लगेच फोन करते. बाटली तशीच ठेवून डॉक्टर बारीक नळीनं सर्फॅक्टंट देतात. पुष्कळ बाळं तेवढ्यावर तरतात.

२००८ साली ६१० बाळांचा अभ्यास छापून आला. २५ ते २८ आठवड्यांत जन्मलेली बाळं. सीपॅपवर सुरू केलेल्यांपैकी ४६ टक्क्यांना पाच दिवसांत ट्यूब लागलीच. छातीत हवा साठली ९ टक्क्यांच्या. सुरुवातीपासून ट्यूब असलेल्यांत ३. तिथे दाब ८ सेंटीमीटर होता, आम्ही ५-६ ठेवतो, हे मी स्वतःला बजावते. तरी त्या ९ वर नजर गेली की आजी आठवतात. चूक बाटलीची नव्हती, माझ्या उशिराची होती, असं मी म्हणते. दोन तास आधी उठवलं असतं तर बाळ वाचलं असतं, हे मात्र छातीवर हात ठेवून मला आजही सांगता येत नाही.