म्हैस घेऊन समुद्रावर

मामा माझ्या गाडीला म्हैस म्हणतात. सावली बघून बांधा, वेळेवर चारा घाला, कुणी धडक देईल म्हणून सारखं मागं वळून बघा. मग म्हैस नाही तर काय? भाऊच्या धक्क्यावरून निघायचं, फेरीबोटींनी एकेक खाडी ओलांडत आणि वाटेतले पाणकिल्ले बघत मालवण गाठायचं, असा बेत मी त्यांना मोठ्या उत्साहानं सांगितला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "म्हैस येणार का?"

"गाडीशिवाय कसं जमेल मामा? सामान आहे, वेळा सांभाळायच्यात."

"किल्ले पाण्यात आहेत ना? मग तिला काठावर बांधायचं आणि आपण आत जाऊन तिचीच काळजी करायची."

मला तेव्हा राग आला होता. पण खरंच, कोकणातल्या ज्या बोटी गाडी घेतात त्या सगळ्या खाडीच्या या तीरावरून त्या तीराला जातात. बेटावर गाडी नेणारी एकही नाही. बेटावर जायचं तर शिडाची होडी नाहीतर मच्छीमाराची छोटी बोट, आणि हातात फार तर पाण्याची बाटली. एवढी साधी गोष्ट दोन आठवडे एक्सेलमध्ये डोकं घालूनही माझ्या लक्षात आली नव्हती.

त्या एक्सेलचं तर बोलूच नये. पहिला बेत मी जूनच्या अखेरीचा केला होता, पावसातला समुद्र बघायला. "होड्या तेव्हा किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात रे," मामा म्हणाले, "नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला हात लावत नाहीत कोणी." मग बेत डिसेंबरवर गेला, दत्तजयंतीच्या आठवड्यात. अंतर, वेळ, मुक्काम, पेट्रोल, जेवण असे सगळे रकाने होते. भरती-ओहोटीचा नव्हता.

पहिल्या सकाळी मांडव्याची रो-रो वेळेत मिळाली. गाडी खाली पोटात ठेवून वर डेकवर जायचं, तासाभराचा प्रवास, मागून सीगल पक्ष्यांची वरात. इथवर मी अगदी खूश. दहाच्या सुमाराला अलिबागच्या किनाऱ्यावर उभा राहिलो तर कुलाबा किल्ल्याभोवती पाणीच पाणी. एक्सेलनुसार आम्ही चालत जायचं होतं.

मामा बोटं मोडत पुटपुटले, "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड..." मला वाटलं, म्हातारा काहीतरी स्तोत्र म्हणतोय. तो पाऊणकीचा पाढा होता. "आज द्वादशी. बारा पाऊण नऊ. नऊला भरती भरली, आता सव्वातीनपर्यंत पाणी उतरेल." तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ. रोज पाऊण तास पुढं, आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. कोळ्यांचा हा हिशोब माझ्या रकान्यांत कुठंच नव्हता. सव्वातीनपर्यंत थांबलो असतो तर मुरूडचा मुक्काम कोलमडला असता. म्हणून कुलाबा काठावरूनच बघितला. मामा दिवसभर बोलले नाहीत, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट.

दुसऱ्या दिवशी जंजिरा. राजपुरीहून शिडाची होडी, तीत कोंबलेली माणसं, सेल्फीसाठी एका अंगाला झुकणारी गर्दी. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तटात गडप झालेला असतो, हे ऐकून होतो. दिसला तेव्हा अंगावर काटा आला. संभाजी महाराजांनी या किल्ल्यासाठी समुद्रात भराव घालायला घेतला होता. तोही वाया गेला आणि किल्ला सिद्दींकडेच राहिला. पण होडीवाल्यानं पाऊण तास दिलेला. पाऊण तासात दोन गोड्या पाण्याचे तलाव, कलालबांगडी तोफ, पडके वाडे आणि शेकडो माणसांच्या पाठी एवढं सगळं बघायचं. आणि खरं सांगू? त्या पाऊण तासातली निदान दहा मिनिटं मी तटावर उभा राहून राजपुरीच्या काठावर आपली गाडी दिसते का ते बघत होतो. लॅपटॉप मागच्या सीटवर राहिला होता. सुट्टीत लॅपटॉप कशाला आणला, हे विचारू नका.

मामांनी हे बघितलं. फक्त म्हणाले, "हंबरतेय का?"

आगरदांड्याहून दिघी बोटीनं, मग दिवेआगर, श्रीवर्धन. हरिहरेश्वरला मुक्काम.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला निघून बाणकोटची खाडी ओलांडायची आणि संध्याकाळच्या मासळीच्या लिलावाला हर्णे बंदरावर हजर राहायचं, असं ठरलं होतं. मामा म्हणाले, प्रदक्षिणा केल्याशिवाय मी हलणार नाही. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा म्हणजे देवळामागून वर चढायचं, कातळाच्या चिरेतल्या पायऱ्यांनी खाली समुद्राशी उतरायचं आणि लाटांनी जाळी पाडलेल्या खडकांवरून वळसा घालून परत यायचं. ती ओहोटीलाच होते. आणि त्या दिवशी होती चतुर्दशी. चौदा पाऊण साडेदहा. म्हणजे ओहोटी पावणेपाचला.

साडेतीनला पाणी पुरेसं हटलं. प्रदक्षिणा सुंदर झाली, हे मी आज कबूल करतो. तेव्हा मात्र घड्याळ बघत, पाय आपटत चाललो होतो. बागमांडल्याच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. आमच्या पुढं गाड्यांची रांग.

बोट आली. इकडं तिला जंगलजेटी म्हणतात. सपाट लोखंडी तराफा, पुढं खाली पडणारी फळी. एकेक गाडी चढली, फटींत दुचाक्या घुसल्या, आणि नेमकं माझ्या तोंडावर खलाशानं हात आडवा केला. भरली. पुढची. पण चालती माणसं जातच होती. डोक्यावर पाटी घेतलेल्या दोघी बायका, शाळेचं दप्तर पाठीला लावलेली पोरं, एक आजोबा, त्यांच्या हातात कोंबडी.

मामांनी दार उघडलं, खांद्याला झोळी लावली. "मी जातो पुढं. पलीकडं चहा सांगून ठेवतो."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण ते चालू लागले. सरळ गेले, फळी चढले, आणि ती वर उचलली गेली. कठड्याशी कोंबडीवाल्या आजोबांच्या शेजारी उभं राहून त्यांनी मला हात केला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, आणि चेहरा सहलीला निघालेल्या पोरासारखा.

बोट निम्म्या खाडीत गेल्यावर मला आठवलं, की रोख पैसे त्या झोळीत आहेत. श्रीवर्धनला मीच दिले होते, "तुमच्याकडे असू देत" म्हणून. माझ्या फोनवर रेंजची एक काडी नव्हती. मामांचा फोन बंदच असतो, बॅटरी वाचवायला.

आयुष्यात इतका चिडलो नव्हतो. गाडीत बसून स्टिअरिंगवर बुक्की मारली तर हॉर्न वाजला आणि रांगेतले सगळे वळून बघायला लागले. मग उतरलो. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून धक्क्याच्या कडेला बसलो. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि इथं संपते. या काठाला रायगड जिल्हा, त्या काठाला रत्नागिरी. पाणी पार तळाला गेलेलं, चिखलात बगळे, आणि थोड्या वेळानं तोच चिखल हळूहळू, कडेकडेनं, पुन्हा ओला व्हायला लागला. भरती सुरू झाली होती. भरती सुरू होताना मी आजवर कधी बघितलीच नव्हती. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गात या खाड्यांवर पूल यायचे आहेत. आले की मीही पुलावरूनच जाणार आणि खाली बघणारसुद्धा नाही, हे मला माहीत आहे.

माझ्या मागं मासळीचे रिकामे क्रेट घेतलेला टेम्पो होता. त्याच्या ड्रायव्हरला सगळी कथा सांगितली. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. माझं तिकीट त्यानंच काढलं. "पलीकडं द्या. पण मामांना सांगा, भाच्याला असं सोडून जाऊ नये."

पुढची बोट आली तेव्हा अंधारून आलं होतं. गाडी उलटी चढवायची होती. पौर्णिमा तोंडावर म्हणजे उधाणाचे दिवस, पाणी अजून खूप खाली आणि उतार तीव्र. खलाशी "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होता, मग "बस, बस" म्हणाला, मी मात्र आरशात बघायच्या नादात ऐकलं नाही. खर्रर्र. बंपरची डावी बाजू गेली. चूक सर्वस्वी माझी. टेम्पोवाला काही बोलला नाही, त्याचे उपकार.

वेसवीच्या धक्क्यावर मामा उभे. दोन चहा झालेले, एका मास्तरांशी ओळख झालेली, आणि त्या मास्तरांच्या बहिणीकडं आमच्या रात्रीच्या मुक्कामाची सोयही झालेली. दापोलीच्या हॉटेलचे मी आगाऊ भरलेले पैसे गेले. शेणानं सारवलेल्या पडवीत गरम भात, कुळथाचं पिठलं आणि सांडगी मिरची समोर आल्यावर मी हॉटेलचं नाव काढलं नाही. मावशी पैसे घेईनात. मामांनी त्यांच्या नातवाच्या हातात नोट कोंबली, त्यावरही वाद झाला. टेम्पोवाल्याचे पैसे मात्र तिथंच धक्क्यावर चुकते केले होते. त्यानं ते मोजून घेतले आणि मामांकडं बघून पुन्हा हसला.

त्यानंतरचे तीन दिवस एका दमात सांगतो. हर्णेचा लिलाव एकदाचा बघितला. सुवर्णदुर्गला छोट्या होडीनं गेलो. १७५५ साली हा किल्ला घेणाऱ्या कमोडोर जेम्सच्या बायकोनं त्याच्या आठवणीसाठी लंडनमध्ये चक्क सेव्हर्नड्रूग नावाचा मनोरा बांधला, तो अजून उभा आहे. आपल्याकडं मात्र तटावर झुडपं. दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. दोन्ही बोटींवर मामा गाडीत बसलेच नाहीत. चालत चढले, चालत उतरले.

मालवणला गाडी मुक्कामाच्या अंगणात लावली आणि दोन दिवस तिच्याकडं बघितलं नाही. निदान प्रयत्न केला. सिंधुदुर्गात तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चहूकडं खारट समुद्र आणि आत गोडं पाणी. १६६४ साली कुरटे बेटावर बांधकाम सुरू झालं तेव्हा या पाण्याचा सुगावा कसा लागला असेल, यावर मामा आणि मी साखरबावीच्या काठाशी तासभर भांडलो. घाई करणारा होडीवाला इथंही होता. त्याला मामांनी सांगितलं, "तू जा, आम्ही पुढच्या फेरीनं येतो."

परतीचा दिवस. मामांनी कुडाळहून रेल्वे पकडली. "म्हैस तुझी, तूच वळव," म्हणाले. मी महामार्गानं निघालो. रात्री फोन वाजला.

"मी जेवलो. आता आडवा होतोय. तू कुठं?"

"माणगावात. तासभर जागचा हललो नाहीये."

"बरं," मामा म्हणाले, "तिला पाणी दाखव हो."