औषध बदलण्याआधी हात बघा

ज्येष्ठांचा दमा आटोक्यात येत नाही म्हटलं की घरचे आधी डॉक्टर बदलतात, मग औषध. त्याआधी एक करा. आजी-आजोबांना नेहमीसारखा पंप घ्यायला सांगा आणि समोर बसून नुसतं बघा. दाबल्याबरोबर तोंडातून किंवा नाकातून धूर निघाला, तर बरंचसं औषध छातीत गेलेलंच नाही.

संधिवाताने आखडलेल्या बोटांना दाबणं आणि श्वास ओढणं एकाच क्षणी जमत नाही. म्हणून स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, हवाच. पंप नीट हलवायचा, श्वास सोडायचा, स्पेसरच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटायचे, एकच पफ दाबून लगेच सावकाश ओढायचा आणि दहा आकडे होईपर्यंत रोखायचा. तेवढा दम नसेल तर स्पेसरमधूनच चार-पाच शांत श्वास घ्यायचे. दुसऱ्या पफआधी अर्धा मिनिट थांबून पंप पुन्हा हलवायचा. दोन पफ एकदम मारले तर औषध स्पेसरच्या भिंतींनाच चिकटतं. अंगठ्यात जोर नसेल तर दोन्ही हातांनी दाबा. कवळी सैल असेल तर ओठांतून हवा निसटते, तिथे मास्कवाला स्पेसर घ्या.

स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून धुवा आणि तसाच निथळू द्या. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि ती औषध ओढून घेते.

रोटाकॅप (यंत्रात घालून ओढायची पावडरची कॅप्सूल) असेल तर श्वास जोरात ओढावा लागतो. घेऊन झाल्यावर कॅप्सूलमध्ये पावडर उरली का ते बघा. कॅप्सूलच पाण्याबरोबर गिळणारेही असतात! पुण्याच्या पावसाळ्यात डबी उघडी राहिली की पावडर ओलसर होऊन गुठळ्या धरते.

‘पंपाची सवय लागते’ या भीतीने रोजचा स्टेरॉइडचा पंप बंद होतो, हे फार वाईट. श्वासनळ्यांची सूज तोच उतरवतो. धाप लागल्यावरचा पंप नळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या करतो. स्टेरॉइडनंतर खळखळून चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

काचबिंदूचे थेंब चालू आहेत का, हेही विचारा. टिमोलॉलचे थेंब डोळ्यातून रक्तात जाऊन श्वासनळ्या आवळू शकतात. मनाने बंद करू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना दमा असल्याचं सांगा, दुसरे थेंब मिळतात.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंड हवेबरोबर धूर खाली साचतो. तळजाई किंवा पर्वती टेकडीचा फेरा ऊन वर आल्यावर करावा, नाकावर मफलर घेऊन. घरात डासांची कॉइल आणि धूप बंद.

धाप वाढली तर आडवं करू नका, बसवा. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर धाप लागल्यावरच्या पंपाचे चार पफ, एकेक करून, स्पेसरमधून. चार मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा चार, आणि 108 लावा. वाक्य पुरं बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसले तर वाट न बघता आधी फोन. छातीत दुखत असेल, पाय सुजले असतील तर तो हृदयाचा त्रासही असू शकतो. फोनवर तेही सांगा.