१२० मशीन, तीन दिवस आणि एक फडताळातला स्विच

मागच्या आठवड्यात दुसऱ्या शाखेत जाऊन १२० मशीन विंडोज १० वरून ११ वर न्यायला गेलो होतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे सगळ्यांना माहीत होतं, पण "बघू नंतर" म्हणता म्हणता काम आमच्या गळ्यात पडलं. आम्ही दोघंच होतो. कुणाला असंच जायचं असेल तर आमचं काय चुकलं ते आधी वाचा.

निघायच्या आधीच घरबसल्या रिमोटने सगळ्या मशीनवर सेटअपचा कम्पॅट स्कॅन ओन्ली चालवला. यात काहीच इन्स्टॉल होत नाही, फक्त मशीन अपग्रेडला चालेल का ते कळतं. ८८ पास झाली. उरलेल्या ३२ पैकी १४ ना टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) सापडत नव्हतं, ९ च्या सी ड्राइव्हला जागा नव्हती आणि ९ चे प्रोसेसरच जुने. ही यादी प्रिंट करून खिशात ठेवली आणि रात्रीच्या गाडीने निघालो. बॅगेत दोन लॅपटॉप, एक गिगाबिट स्विच (नेटवर्कच्या केबल जोडायचा डबा), केबल, तीन पेनड्राइव्ह. (पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर जात नाही आणि इन्स्टॉल विम ही विंडोजची मुख्य फाइल हल्ली त्याहून मोठीच असते, म्हणजे ती स्प्लिट करून न्या, तिथे जाऊन डोक्याला हात लावू नका.)

तिथली इंटरनेट लाइन ५० एमबीपीएस. एका मशीनला साधारण साडेपाच जीबी धरले तर १२० चे ६६० जीबी, म्हणजे दुसरं कुणी लाइन वापरलीच नाही तरी २९ तास फक्त डाउनलोड. म्हणून आयएसओ, म्हणजे विंडोज इन्स्टॉल करायची अख्खी फाइल, एकदाच सोबत नेली, लॅपटॉपवर शेअर केली आणि स्क्रिप्टने सगळ्यांना कॉपी करायला लावली. गिगाबिटवर हेच काम पावणेदोन तासांत व्हायला हवं.

झालं काय, तर विसाव्या मशीननंतर एरर यायला लागले. अर्धा तास केबल हलवत बसलो आणि मग ट्यूब पेटली, लॅपटॉपवर साधं विंडोज आहे, त्याच्या शेअरला एका वेळी २० च कनेक्शन चालतात. नशिबाने दुसऱ्या लॅपटॉपवर लिनक्स होतं, त्यावर सांबा शेअर (लिनक्सवरून विंडोजला फाइल द्यायची सोय) टाकला आणि गाडी पुढे सरकली. तरी एका मजल्यावरची मशीन रांगतच होती. शोधलं तर फडताळात फायलींच्या मागे एक जुना १०० एमबीपीएसचा स्विच, अख्खा मजला त्याच्यावर. सोबत नेलेला स्विच तिथे लावला. तर जाल तिथे आधी कॉम्प्युटर बघू नका, स्विच बघा, आणि फडताळं उघडून बघा.

पहिल्या दिवशी फक्त कॉपी आणि पाच मशीनवर ट्रायल, तेही वेगवेगळ्या विभागातली मुद्दाम निवडून. बरं झालं, कारण एका विभागाचा स्कॅनर ड्रायव्हर अपग्रेडनंतर गप्पच झाला. आणखी एक गोष्ट कळली, सेटअप स्वतःच इंटरनेटवरून डायनॅमिक अपडेट ओढतो, पाच मशीनमध्येच लाइन भरली होती. कमांडमध्ये ते डिसेबल करा, एवढी मेहनत करून आयएसओ नेली त्याला अर्थ काय मग. क्वाएट मोडमध्ये, म्हणजे काही न विचारता चालवायचं तर युला ॲक्सेप्टही (लायसन्स मान्य) लिहावं लागतं, नाहीतर मशीन काहीच न करता बसून राहतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर ऑलवेज सस्पेंड द्या आणि रिकव्हरी की सगळ्या आधीच हाताशी ठेवा, फोनवर ४८ आकडे सांगायची वेळ कुणावर येऊ नये.

दुसऱ्या दिवशी लोक घरी गेल्यावर २०-२० च्या बॅचने सोडलं. वेक ऑन लॅनवर, म्हणजे नेटवर्कवरून मशीन चालू करण्यावर, फार भरवसा ठेवू नका, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केलेलं मशीन बऱ्याचदा उठत नाही. आम्ही सरळ सगळ्यांना सांगितलं की मॉनिटर बंद करा, मशीन नको, तरी सात जणांनी सवयीने बंद केलंच.

टीपीएमवाली १४ मात्र हाताने. बहुतेकांचं बायोसमध्ये नुसतं बंद होतं, इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम नावाने असतं, ते चालू केलं की झालं. पाच मशीन लेगसी बूटवर (जुन्या पद्धतीने सुरू होणारी) होती, त्यांना एमबीआर टू जीपीटी हे डिस्कची रचना बदलणारं टूल चालवलं. डेटा जात नाही, पण बॅकअप घ्या आणि आधी व्हॅलिडेट करून बघा. हे झाल्यावर बायोस यूईएफआयवर (बूटची नवी पद्धत) न्यायला विसरलात तर मशीन बूटच होणार नाही, विचारू नका कसं माहीत. जागा नसलेल्या ९ मध्ये निम्मी जागा लोकांच्या लग्नाच्या व्हिडिओंनी खाल्ली होती.

सी ड्राइव्ह साफ करायची घाई करू नका बरं का, जुन्या व्हर्जनवर परत जायची सोय १० दिवस असते आणि ती सी ड्राइव्हवरच्या विंडोज डॉट ओल्ड फोल्डरवर चालते. स्कॅनरवालं मशीन आम्ही तसंच मागे नेलं. तिसरा दिवस त्या ड्रायव्हरमागे आणि "माझा आयकॉन कुठे गेला" यात संपला.

जुन्या प्रोसेसरची ९ आहेत तिथेच आहेत. पैसे भरून जास्तीत जास्त ३ वर्षं सिक्युरिटी अपडेट मिळतात, नाहीतर लिनक्स टाकायचं. मी लिनक्स म्हणतोय, वरचे अजून विचार करताहेत, तोवर त्या ९ मशीनचं इंटरनेट बंद करून ठेवलंय.