न्यू पॅलेस ते दाजीपूर: दुसऱ्या बाराची गोष्ट

काका सोबत असले की कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये तासभर जास्तीचा धरायचा. १८८४ साली पुरी झालेली ही काळ्या दगडाची वास्तू. आत पेंढा भरलेली जनावरं, तलवारी, बंदुका. लोक वाघापुढे थांबतात, काका बंदुकांपुढे. त्यांच्याकडे एके काळी शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची दुनळी होती.

"दोन नळ्या कशाला, ठावं हाय का? पयल्याच बाराला जनावर पडतंय असं न्हाई."

आणि तिथंच त्यांनी नसलेली बंदूक हवेत धरली. पुढचा चाप ओढला की सहसा उजवी नळी उडते. बोट तसंच मागच्या चापावर सरकवायचं, डावी तयारच. दस्ता खांद्यावरून उतरत नाही, नजर जनावरावरून ढळत नाही. बोल्टच्या रायफलीला खिटी वर, मागे, पुढे, खाली एवढं सगळं करावं लागतं, आणि नवखा माणूस त्या गडबडीत बंदूकच खांद्यावरून काढतो. ठासणीच्या बंदुकीचं तर बोलूच नका. दारू भरून गजाने ठासेपर्यंत जखमी गवा अंगावर. पण पहिल्या बाराच्या धक्क्यानं नळी उचलली जाते, ती खाली बसल्याशिवाय दुसरा बार वायाच जायचा, असं काका दोनदा म्हणाले. (शेजारचं एक कुटुंब हळूच लांब सरकलं.)

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला नि शिकारीचा विषयच मिटला. म्हणून दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन दाजीपूर. १९५८ पासूनचं हे गव्यांचं अभयारण्य. कोल्हापुरातून अंधारातच निघा, राधानगरीमार्गे, म्हणजे उजाडायला तुम्ही गेटवर असाल. आतला रस्ता कच्चा आहे, आपली छोटी गाडी घालू नका, तिथली जीप घ्या. पावसाळ्यात जंगल बंद असतं. पाणी आणि डबा घरूनच न्या, मोबाइलच्या भरवशावर राहू नका.

गवे दिसले ते वळणावर, चार. मी एक फोटो काढला, मान खाली घातलेला. कॅमेरा सिंगलवर, म्हणजे एका दाबाला एकच फोटो. नराने मान वर करून थेट आमच्याकडे पाहिलं, तेव्हा मी काढलेला फोटो बघत बसलेलो. घाईघाईने बर्स्टवर (बटण दाबलेलं असेपर्यंत सलग फोटो) टाकला आणि बटण दाबून धरलं, दाबूनच धरलं. बफर, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली जागा, भरला, कॅमेरा अडकला, आणि नेमकं त्याच वेळी कारवीतून वासरू बाहेर आलं.

"दोन्ही नळ्या एकदम उडवल्यास की रं," काका म्हणाले.

तेव्हा आतमध्ये शिरण्याआधीच बर्स्ट लावून ठेवा. तीन-चार फ्रेम, बोट उचला, पुन्हा तीन-चार. कार्ड वेगवान घ्या. जुनं असेल तर रॉ (फोटोची मोठी, कच्ची फाइल) बंद करून लहान फाइलच्या जेपीईजीवर काढा. डोळा व्ह्यूफाइंडरवरच ठेवा, स्क्रीन घरी आल्यावर बघा. आणि गाडीतून उतरू नका, गवा कितीही शांत चरत असला तरी.