हागाई लेवी यांच्या बंद खोल्या

इस्रायलमधल्या 'हॉट ३' या केबल वाहिनीवर २००५ साली एक मालिका सुरू झाली. तिच्या बहुतेक भागांत मानसोपचारतज्ज्ञाच्या खोलीत दोन, फार तर तीन माणसे बसून अर्धा तास बोलत असत आणि त्यापलीकडे डोळ्यांना दिसेल असे फारसे काही घडत नसे. तिचे नाव 'बेटिपुल'. ती आठवड्यातून पाच रात्री दाखवली जाई. रविवारी नामा, सोमवारी वैमानिक यादिन, मंगळवारी जिम्नॅस्टिक्स करणारी किशोरवयीन आयाला, बुधवारी संसार मोडायच्या बेतात असलेले एक जोडपे, आणि गुरुवारी या सगळ्यांचे ऐकून घेणारा राऊवेन स्वतःच आपल्या जुन्या मार्गदर्शिकेकडे, गिलाकडे, मन मोकळे करायला जात असे. रोज रात्री ठरलेल्या वेळी लागणारी मालिका म्हणजे काय हे मराठी प्रेक्षकाला वेगळे सांगायला नको. मात्र त्या साच्यातून कट, कारस्थाने, सणसमारंभ आणि दारामागून ऐकणारी माणसे वजा करून केवळ संभाषण शिल्लक ठेवण्याचे धाडस आपल्याकडच्या कोणत्या वाहिनीने केले असते, असा प्रश्न मला ती पाहताना सारखा पडत होता.

हे धाडस हागाई लेवी यांचे. ओरी सिवान आणि निर बर्गमन हे त्यांचे सहनिर्माते होते; पण मूळ कल्पना लेवींची, आणि त्यांच्या पुढच्या वीस वर्षांच्या कामाकडे पाहिले तर ती त्यांच्याच डोक्यातून निघू शकली असती याची खात्री पटते. त्यांनी जी जी मालिका हाती घेतली, तिच्या मुळाशी एक बंद खोली आहे आणि त्या खोलीत कोणीतरी विचारतो आहे व कोणीतरी सांगतो आहे. विचारणाऱ्याची भूमिका बदलते. तो कधी उपचार करणारा असतो, कधी तपास अधिकारी, कधी संशोधक. सांगणारा पुरे खरे सांगत नाही, ही गोष्ट मात्र कायम राहते.

लेवींचा जन्म १९६३चा. जेरुसलेम आणि तेल अवीव यांच्या मधल्या पट्ट्यात शाअलविम नावाचा एक धार्मिक किबुत्झ आहे, तिथे ते वाढले. किबुत्झ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर समाजवादी, निधर्मी सामूहिक शेती उभी राहते. परंतु काही किबुत्झ कडक धर्मनिष्ठ होते आणि शाअलविम त्यांतला एक. तारुण्यात लेवींनी धर्माचरण सोडले. त्यांनी बार-इलान विद्यापीठात मानसशास्त्राचा आणि पुढे तेल अवीव विद्यापीठात चित्रपटकलेचा अभ्यास केला. १९९३ साली त्यांनी एक चित्रपट दिग्दर्शित केला, नंतर दूरचित्रवाणीकडे वळले, आणि केशेत या मोठ्या कंपनीच्या नाट्यविभागाचे प्रमुखपदही सांभाळले. या शेवटच्या गोष्टीचा उल्लेख बहुतेक लेखांत जाता जाता होतो. मला ती महत्त्वाची वाटते. लेखकांची बाडे वाचून कशाला पैसे द्यायचे आणि कशाला नाही हे ठरवणाऱ्या खुर्चीवर जो माणूस बसला आहे, त्याला एका खोलीची आणि दोन कलाकारांची मालिका किती स्वस्तात होते हेही कळते, आणि त्या स्वस्ताईतच तिचे सामर्थ्य कसे असू शकते हेही.

इस्रायलची लोकसंख्या २००५च्या सुमारास सत्तर लाखांच्या आसपास होती. १९९३ साली दुसरी, व्यावसायिक वाहिनी सुरू होईपर्यंत तिथे दीर्घकाळ एकाच सरकारी वाहिनीचे राज्य होते. हिब्रूत मालिका काढायची तर प्रेक्षक मोजके, म्हणून जाहिराती मोजक्या, म्हणून पैसा मोजका. अशा बाजारपेठेत मोठे नेपथ्य, पाठलाग आणि परदेशी चित्रीकरण परवडत नाही. परवडते ते लेखन. 'बेटिपुल'चे पहिले पर्व ४५ भागांचे आणि दुसरे ३५ भागांचे. एवढे भाग दोन खुर्च्यांवर तोलून धरायचे असतील तर संवादातल्या प्रत्येक वाक्याला काम करावे लागते.

राऊवेनच्या भूमिकेसाठी झालेली असी दायान यांची निवड हा निव्वळ योगायोग मानायला माझे मन तयार होत नाही. डोळ्यावर काळी पट्टी बांधणारे सेनापती मोशे दायान यांचे हे चिरंजीव. स्वतः नावाजलेले नट आणि दिग्दर्शक, खाजगी आयुष्यात व्यसनांशी झगडलेले. त्यांच्यासमोर येऊन बसतो तो यादिन हा हवाई दलाचा वैमानिक, ज्याने टाकलेल्या बॉम्बमुळे निष्पाप जीव गेले आहेत आणि ज्याला आपल्याला काहीही झालेले नाही असे ठामपणे वाटते. त्याच्या मनात घर करून बसलेला प्रश्न खरे तर त्याच्या वडिलांचा आहे. इस्रायली प्रेक्षकाला या दोघांना समोरासमोर पाहताना काय वाटले असेल, याची कल्पना मराठीत लिहून देता येणार नाही. पुढे अमेरिकेत या मालिकेचे रूपांतर करण्याची जबाबदारी रॉद्रिगो गार्सिया यांच्याकडे गेली, आणि ते गाब्रिएल गार्सिया मार्केस यांचे पुत्र. थोर बापाच्या सावलीत वाढलेली मुले या कथेभोवती अशी गोळा झाली.

ते रूपांतर म्हणजे एचबीओची 'इन ट्रीटमेंट'. २००८ साली ४३ भागांचे पहिले पर्व आले, गॅब्रिएल बर्न यांनी मानसोपचारतज्ज्ञ पॉल वेस्टन साकारला, आणि डायान वीस्ट व ग्लिन टर्मन यांना एमी पुरस्कार मिळाले. लेवी कार्यकारी निर्माते होते. यातला एक प्रसंग निर्मात्याच्या कामाचा नमुना म्हणून सांगण्यासारखा आहे. सोफी नावाची किशोरवयीन मुलगी, तिचे दोन्ही हात प्लॅस्टरमध्ये, पावसात चिंब भिजून पॉलकडे येते. ओले कपडे बदलायला तिला मदत हवी असते आणि ती मदत ती पॉलकडे मागते. खोलीत दुसरे कोणी नाही. समोर थंडीने काकडणारे पोर आहे आणि मधे पुरुष उपचारकाने न ओलांडायची रेषा आहे. पॉल क्षणभर घुटमळतो आणि मग आपल्या बायकोला हाक मारतो. एवढ्या साध्या कृतीने आणखी एक गाठ बसते, कारण त्या दोघांचे आपसांत धड चाललेले नाही आणि आता घरातले माणूस कामाच्या खोलीत आले आहे. कपाट उघडून कोरडे कपडे काढण्याइतक्या क्षुल्लक गोष्टीतून एवढे नाट्य उभे करायला पैसा लागत नाही, पण पटकथेवर पुन्हा पुन्हा बसण्याचा निग्रह लागतो.

पुढे अनेक देशांनी हा साचा घेतला, आणि प्रत्येकाने वैमानिकाच्या जागी आपली जखम ठेवली. अमेरिकेत त्याने इराकमधल्या मदरशावर बॉम्ब टाकलेला असतो. इटलीत त्याच्या जागी माफियात वेश बदलून शिरलेला पोलीस येतो. २०२१च्या फ्रेंच आवृत्तीत पॅरिसवरच्या नोव्हेंबर २०१५च्या हल्ल्याच्या रात्री बाताक्लान नाट्यगृहात शिरलेला पोलीस येतो, आणि त्या आवृत्तीतल्या मानसोपचारतज्ज्ञाचे आडनाव चक्क दायान आहे. भारतात या मालिकेची आवृत्ती झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. 'फौदा'ची 'तनाव' झाली, 'हातुफिम'ची 'पी.ओ.डब्ल्यू. – बंदी युद्ध के' झाली, ओलीस-नाट्यही आले. म्हणजे आपण इस्रायलकडून घेतले ते बहुतांशी बंदुकीचे. तरीही एक भारतीय माणूस त्या खोलीत येऊन बसला. 'इन ट्रीटमेंट'चे तिसरे पर्व २०१०चे. तोवर हिब्रू मूळ संपले होते, म्हणून त्यातली पात्रे नव्याने लिहिली गेली. त्यांतला सुनील म्हणजे पत्नी वारल्यावर कोलकात्याहून न्यूयॉर्कला मुलाच्या घरी येऊन पडलेला गणिताचा निवृत्त प्राध्यापक. ही भूमिका इरफान खान यांनी केली आणि या व्यक्तिरेखेसाठी झुम्पा लाहिरी यांचा सल्ला घेतला गेला. ज्या घरात सून सासऱ्याला नावाने हाक मारते, त्या घरात या माणसाचे मौन कसे साचत जाते, हे इरफान ज्या सावकाशीने दाखवतात, ते पाहिल्यावर इतर रुग्ण मला थोडे फिके वाटू लागले.

'द अफेअर' ही लेवींची पहिली थेट अमेरिकी मालिका. ती त्यांनी सारा ट्रीम यांच्याबरोबर २०१४ साली उभी केली. एकाच विवाहबाह्य संबंधाची हकिकत अर्धा भाग पुरुषाच्या आठवणीतून आणि अर्धा भाग स्त्रीच्या आठवणीतून येते, आणि या दोन्ही साक्षी एका पोलीस अधिकाऱ्यासमोर दिल्या जात आहेत हे हळूहळू उघड होते. पहिल्या पर्वाला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा गोल्डन ग्लोब मिळाला आणि त्यानंतर लेवी बाहेर पडले. मालिका त्यांच्याशिवाय आणखी चार पर्वे चालली. माझ्या मते ती दुसऱ्या पर्वातच ढासळली, कारण दोन साक्षींच्या जागी चार झाल्या आणि विचारणाऱ्याची खोली विस्मरणात गेली.

त्यानंतर लेवी आपल्या देशात परतले आणि त्यांनी केलेले काम, माझ्या मते, त्यांच्या कारकिर्दीतले सर्वोत्तम आहे. जून २०१४मध्ये वेस्ट बँकमध्ये तीन इस्रायली मुलांचे अपहरण झाले. ३० जून रोजी त्यांचे मृतदेह सापडले. दोनच दिवसांनी, २ जुलैला, पूर्व जेरुसलेममधल्या शुअफात वस्तीतून मुहम्मद अबू खदीर या सोळा वर्षांच्या पॅलेस्टिनी मुलाला उचलून नेण्यात आले आणि जेरुसलेमच्या जंगलात जिवंत जाळण्यात आले. मारेकरी ज्यू होते, एक प्रौढ आणि दोन अल्पवयीन. 'अवर बॉइज' ही दहा भागांची मालिका या दुसऱ्या खुनाच्या तपासाची आहे. लेवींनी ती जोसेफ सीडर आणि तौफिक अबू वाएल यांच्यासह निर्माण केली, आणि अबू खदीर कुटुंबाची बाजू अबू वाएल यांनी दिग्दर्शित केली. ज्या घराचा मुलगा गेला त्या घराची भाषा, शोक आणि संताप दाखवण्याचे काम त्या समाजातल्या दिग्दर्शकाकडे असणे हा निर्मात्याच्या पातळीवरचा निर्णय आहे, आणि मालिकेची निम्मी विश्वासार्हता त्यावर उभी आहे.

उरलेली निम्मी सायमनवर आहे. शिन बेट या अंतर्गत गुप्तचर संस्थेचा हा अधिकारी स्वतः त्याच धार्मिक वातावरणात वाढलेला, म्हणून त्याला ती बोली येते, प्रार्थना येतात, कुठे हात ठेवला की मुलगा बोलेल ते येते. अविशाय नावाच्या अल्पवयीन आरोपीसमोर तो बसतो तेव्हा तो आवाज चढवत नाही. तो ऐकतो, मायेने विचारतो, पाणी देतो. राऊवेन जे करायचा तेच तो करतो, केवळ इथे बोलण्याचे फळ तुरुंग आहे. याच मुलावर उपचार करणारी मानसोपचारतज्ज्ञही कथेत आहे आणि तपास यंत्रणा तिच्याही दारात येऊन उभी राहते. उपचाराची खोली आणि चौकशीची खोली यांच्यातली भिंत किती पातळ आहे, हे एकाच मुलाच्या तोंडून दोन्हीकडे ऐकताना अंगावर येते. धार्मिक किबुत्झमधून बाहेर पडलेल्या माणसाने हे लिहिले आहे, हे ठाऊक नसले तरी जाणवते.

मालिका ऑगस्ट २०१९मध्ये आली आणि गदारोळ झाला. आधी मारल्या गेलेल्या तीन मुलांऐवजी हीच कथा का, असा आक्षेप शोकाकुल इस्रायली कुटुंबांनी घेतला, आणि पंतप्रधान नेतान्याहू यांनी मालिकेला ज्यूद्वेष्टी ठरवून ती दाखवणाऱ्या वाहिनीवर बहिष्काराचे आवाहन केले. कुटुंबांचे दुःख समजण्यासारखे आहे. पंतप्रधानांबद्दल तसे म्हणवत नाही, कारण त्या तीन मुलांच्या शोधाच्या दिवसांतला देशाचा ताण मालिकेने सुरुवातीलाच पुरेपूर दाखवला आहे.

२०२१ची 'सीन्स फ्रॉम अ मॅरेज' मला तेवढी भिडली नाही. इंगमार बर्गमन यांच्या १९७३च्या स्वीडिश मालिकेचे हे रूपांतर त्यांच्या मुलाच्या पुढाकाराने झाले. मुळात नवरा घर सोडतो, इथे बायको सोडते. नवरा जोनाथन हा धर्मनिष्ठ ज्यू घरातून बाहेर पडलेला आहे, म्हणजे लेवींनी आपल्या ओळखीचा माणूस तिथे ठेवला आहे. पहिल्याच प्रसंगात एक संशोधक मुलगी या जोडप्याची मुलाखत घेते, म्हणजे विचारणारा इथेही आहेच. मास्क लावलेल्या तंत्रज्ञांमधून वाट काढत कलाकार सेटवर येतात आणि मग भाग सुरू होतो, ही क्लृप्ती मात्र वारंवार वापरल्यामुळे सजावट होऊन बसते.

त्यांची सर्वात अलीकडची मालिका 'एटी' २०२५च्या व्हेनिस महोत्सवात दाखवली गेली. तिची नायिका एटी हिलेसम ही नाझींच्या ताब्यातल्या ॲमस्टरडॅममधली ज्यू तरुणी. १९४१ साली ती युलियुस स्पीयर यांच्याकडे उपचारांसाठी जाऊ लागली आणि तिने रोजनिशी लिहायला घेतली. नोव्हेंबर १९४३मध्ये आउश्वित्झ येथे तिचा मृत्यू झाला. स्पीयर हस्तरेषा पाहून उपचार करत, रुग्णांशी उपचाराचा भाग म्हणून कुस्ती खेळत, आणि पुढे ते एटीचे प्रियकर झाले. ज्या रेषेपाशी राऊवेन आणि पॉल आठवडेच्या आठवडे घुटमळतात, ती या माणसाने जवळपास सुरुवातीलाच पुसून टाकली होती. लेवींना या रोजनिशीत आपला विषय दिसला नसता तरच नवल.

कोणाला लेवींच्या कामाला सुरुवात करायची असेल तर 'अवर बॉइज'ने करू नये. ती सोसायला आधी त्यांच्या संथपणाची सवय हवी. 'इन ट्रीटमेंट'चे पहिले पर्व घ्यावे, आणि सोमवारी सोमवारचा, मंगळवारी मंगळवारचा असा दिवसाला एकच भाग पाहावा. एका बैठकीत पाच भाग उरकले तर सोमवारच्या लॉराचे बोलणे मंगळवारच्या वैमानिक ॲलेक्सच्या बोलण्यात मिसळते, आणि आठवडाभर एका माणसाची वाट पाहण्यात जी गंमत आहे ती हातची जाते.