आईच्या गोळ्यांची पिशवी

आईला डोनेपेझिल सुरू केलं तेव्हा डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं की ह्याने अल्झायमर बरा होत नाही, मेंदूत ॲसिटिलकोलीन (आठवणीला लागणारं एक रसायन) कमी पडतंय ते जरा जास्त वेळ टिकतं, तेवढाच आधार. आधी ५ मिलिग्रॅम, दीड महिन्यानी १०. मळमळ झाली, पातळ संडास झाली, रात्रीच्या गोळीने भलतीसलती स्वप्नं पडून दचकून उठायची, मग डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी नाश्त्यानंतर केली आणि ते बरंच थांबलं.

पुढे तिला लघवीची घाई व्हायला लागली, बाथरूमपर्यंत पोचेस्तोवर साडी ओली, आणि बिचारी इतकी लाजायची की मला बघवायचं नाही. दुसऱ्या एका डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिन दिलं. घाई कमी झाली पण पंधरा दिवसात आई एकदम बिघडली, दिवेलागणीला दाराशी जाऊन उभी राहायची, "म्हशीची धार राहिलीय गं, घरी जाऊ दे मला", माझं नावही आठवेना. मी समजले आजार वाढला. दोन रात्री नुसती रडले.

न्यूरोलॉजिस्टकडे जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत भरून नेल्या, हे फार बरं केलं. त्यांनी टेबलावर पसरल्या आणि ऑक्सिब्युटिनिनची पट्टी बाजूला काढली. एक गोळी ॲसिटिलकोलीन टिकवतेय आणि दुसरी त्याचंच काम अडवतेय! आणि लघवीची घाई मुळात डोनेपेझिलनेही होऊ शकते म्हणे. त्यांनी ऑक्सिब्युटिनिन बंद केलं, दर दोन तासांनी बाथरूमला न्यायला सांगितलं, आणि तीनेक आठवड्यात आई मला परत नावाने हाक मारायला लागली. (मनाने काही बंद करू नका हं, डॉक्टरांना पिशवी दाखवा.)

आता अल्झायमरसाठीच मेमँटिनही आहे, दर आठवड्याला ५ मिलिग्रॅमने वाढवत २० पर्यंत नेलं, ते वेगळं काम करतं, मेंदूतल्या ग्लुटामेट नावाच्या दुसऱ्या रसायनावर.

परवा तिला सर्दी झाली, मेडिकलवाल्याने नेहमीची गोळी काढून दिली, मी पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचली तर क्लोरफेनिरामिन, तेही ऑक्सिब्युटिनिनसारखंच, ॲसिटिलकोलीनचं काम अडवणारं. परत दिली. घरी पातेल्यात पाणी उकळलं, आईच्या डोक्यावर टॉवेल धरून वाफ दिली, आतून म्हणते, "गरम आहे गं, पण बरं वाटतंय."