अटॅकनंतर पायातलं बळ गेलं तेव्हा

बुधवार, रात्री उशिरा

आज बाबांनी एका दमात २८ पर्यंत आकडे म्हटले. काल २२ वरच दम तुटला होता. डॉक्टर दर काही तासांनी येऊन हेच करायला लावतात, कारण जीबीएसमध्ये, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजारात, श्वासाचे स्नायू कधी दगा देतील याचा नेम नसतो, आणि बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं यंत्र बऱ्याच उशिरापर्यंत सगळं ठीक असल्याचं दाखवत राहतं.

अटॅक आला, स्टेंट बसला, बाबा घरी आले. जरा कुठे घडी बसतेय तोवर तळपायाला मुंग्या सुरू झाल्या. भेटायला येणारे म्हणत, अशक्तपणा असेल, गोळ्या जड पडल्या असतील. पण मुंग्या गुडघ्यापर्यंत चढल्या आणि कमोडवरून उठताना त्यांना आईचा खांदा धरावा लागला. हृदयाच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांवर हातोडी मारून पाहिली. पाय जराही उडाला नाही. तिथूनच त्यांनी न्यूरोच्या डॉक्टरांना फोन लावला. त्या हातोडीचे उपकार मी विसरणार नाही.

जीबीएस. हे नाव पुणेकरांना नवं नाही. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गावाकडे साथ आली तेव्हा घराघरात पाणी उकळत होतं. तेव्हा जुलाबाच्या जंतूंशी लढायला तयार झालेली प्रतिकारशक्ती माणसाच्या नसांवरच उलटली होती. बाबांना ना जुलाब, ना ताप. अटॅकनंतर असं झाल्याची उदाहरणं फार थोडी आहेत, आणि अटॅकमुळेच झालं असं छातीठोकपणे सांगता येत नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. मात्र अटॅकनंतर काही आठवड्यांनी प्रतिकारशक्ती हृदयाच्या आवरणालाच सूज आणते, हे १९५६ पासून ठाऊक आहे. त्याला ड्रेसलर सिंड्रोम म्हणतात. म्हणजे हृदयाला इजा झाली की शरीर कधीकधी स्वतःवरच उठतं, एवढं खरं.

खरी कोंडी उपचारांची. पाठीतलं पाणी तपासायचं तर सुई घालायची. पण रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू, आणि नव्या स्टेंटमुळे त्या थांबवायच्या नाहीत. म्हणून ती तपासणी लांबणीवर टाकून एनसीव्हीवर (नसांमधून संदेश किती वेगाने जातो त्याची तपासणी) आणि लक्षणांवर निदान केलं. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलायचा तर बीपी कोसळण्याची भीती. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं, सलाईनसारखं द्यायचं तर रक्त दाट होऊन गुठळीची भीती, शिवाय हृदयावर पाण्याचा भार. स्टेरॉइडचा या आजारात उपयोग नाही. शेवटी इम्युनोग्लोब्युलिन ठरलं, पाच दिवस, अगदी सावकाश. थेंब इतके हळू पडतात की आई सारखी विचारते, "अगं, बंद तर नाही ना पडलं?"

त्यात नाडीचा खेळ. पहाटे एकदम १२० वर गेली आणि आम्हाला वाटलं, दुसरा अटॅक. ईसीजी काढला, तो जुन्यासारखाच निघाला. हृदयाची गती सांभाळणाऱ्या नसाही या आजारात सापडतात, म्हणून बीपीसुद्धा असंच वरखाली होतं. आता मॉनिटर वाजला की सिस्टर आधी हृदय तपासतात, मग नसांचं म्हणतात. हाच क्रम बरोबर आहे, असं माझं ठाम मत झालंय.

उद्या दोन्ही डॉक्टर एकाच वेळी राउंडला असतील तेव्हा विचारायचंय: हृदयवाले म्हणतात रोज थोडं थोडं चालणं वाढवा, न्यूरोवाले म्हणतात दमेपर्यंत चालू नका. मग घरी गेल्यावर बाबांनी चालायचं किती, आणि ते कोण ठरवणार?